सर्व्हरचा जागल्या : दूरच्या संगणकावरील पहारा आणि त्याचे अधिकार

(प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेसाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेचे हजेरीपत्रक, दाखल-खारीज रजिस्टर आणि निकालपत्रके ही एके काळी केवळ मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद असत. किल्ली कोणाजवळ आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक असे. आज त्यांतील बराच मजकूर शाळेच्या भिंतींबाहेर गेला आहे. महाराष्ट्रात २०१५ सालापासून ‘सरल’ प्रणालीत विद्यार्थ्यांची माहिती भरली जाऊ लागली. केंद्र शासनाच्या ‘यू-डायस प्लस’ प्रणालीत २०२२-२३ या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. सोयगाव किंवा कन्नड तालुक्यातील एखाद्या वस्तीशाळेत शिकणाऱ्या मुलीचे नाव, तिची जन्मतारीख, तिच्या आईचे नाव आणि आधार क्रमांक ही माहिती आता दूरच्या एका संगणकात राहते. असा संगणक, जो एका जागी राहून अनेकांना माहिती पुरवितो व अनेकांची माहिती सांभाळतो, त्यालाच सर्व्हर म्हणतात.

हा सर्व्हर शिक्षकाला दिसत नाही. मुदत संपत आलेली असते, वरिष्ठांची स्मरणपत्रे येत असतात आणि पडद्यावर पान उघडत नाही, तेव्हा मात्र त्याचे अस्तित्व जाणवते. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आज खेड्यातील शाळेतही परिचयाचे झाले आहे. सर्व्हर बंद पडला हे सर्वांआधी कोणाला कळते, कसे कळते, आणि ते कळावे म्हणून जी व्यवस्था केलेली असते तीच धोक्याची कशी ठरू शकते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

जागल्याचे काम

ज्वारी हुरड्यात आली की शेतकरी रात्री जागलीला जातो. माळ्यावर बसून तो पिकावर नजर ठेवतो आणि रानडुकरे शिरल्याची चाहूल लागताच हाळी देतो. सर्व्हरवरही असाच एक जागल्या बसविलेला असतो. तो म्हणजे एक छोटासा संगणकीय कार्यक्रम होय. तांत्रिक भाषेत त्याला ‘एजंट’ म्हणतात. सर्व्हरच्या आत राहून तो काही ठरावीक गोष्टी मोजतो. यंत्राच्या मेंदूवर किती भार आहे, स्मृती किती शिल्लक आहे, साठवणुकीची जागा किती भरली आहे, लोकांना पान दाखविणारी सेवा चालू आहे की नाही, या त्या गोष्टी होत. दर मिनिटाला किंवा ठरवून दिलेल्या अंतराने तो ही मोजमापे दूरच्या मध्यवर्ती निरीक्षण केंद्राकडे पोहोचवितो.

याचा उपयोग मोठा आहे. साठवणुकीची जागा शंभर टक्के भरली की सर्व्हर नवी नोंद घेऊ शकत नाही आणि शिक्षकाने तासभर खपून भरलेली माहिती जतन होत नाही. जागा नव्वद टक्के भरताच एजंटाच्या मोजमापावरून इशारा मिळाला, तर माणसाला हालचाल करण्यास वेळ सापडतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना १९७६ साली झाली. या संस्थेची राष्ट्रीय माहितीकेंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे आहेत. एवढ्या मोठ्या केंद्रातील प्रत्येक यंत्रापुढे माणूस बसविणे अशक्य आहे. म्हणून दुरून देखरेख करणे ही आज चैन राहिलेली नाही. ती गरज झाली आहे.

या कामासाठी अनेक प्रणाली जगभर वापरल्या जातात. त्यांपैकी ‘झॅबिक्स’ नावाची प्रणाली लॅटव्हिया देशातील रीगा शहरात अलेक्सेई व्लादिशेव यांनी विकसित केली. तिची पहिली आवृत्ती २००१ साली लोकांपुढे आली. ती विनामूल्य मिळते आणि तिची रचना कोणालाही वाचता येते. म्हणून पुढील विवेचनात उदाहरणादाखल तिचाच उपयोग केला आहे. तत्त्वे मात्र कोणत्याही प्रणालीला लागू पडणारी आहेत.

कुंपणच शेत खाते तेव्हा

जागल्या शेताच्या मधोमध बसलेला असतो. तोच फितूर झाला, किंवा त्याचे सोंग घेऊन दुसराच कोणी माळ्यावर चढला, तर पिकाचे रक्षण कोण करणार? २०२० साली जगाने याचा मोठा अनुभव घेतला. अमेरिकेतील ‘सोलरविंड्स’ या कंपनीची ‘ओरायन’ नावाची देखरेख प्रणाली हजारो संस्था वापरीत असत. त्या प्रणालीच्या अधिकृत सुधारित आवृत्तीतच घुसखोरांनी आपला छुपा मजकूर मिसळला. सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत ती दूषित आवृत्ती गेली आणि त्यांपैकी निवडक ठिकाणी, अमेरिकी शासनाच्या काही खात्यांतही, घुसखोर आत शिरले. डिसेंबर २०२० मध्ये हा प्रकार उघडकीस आला. ज्या प्रणालीने पहारा करावयाचा, तिच्याच वाटेने चोर आत आला होता.

यावरून देखरेख नको असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पहाऱ्याशिवाय शेत मोकळे पडते. खरा बोध असा की, पहारेकऱ्याची नेमणूक करतानाच त्याच्या अधिकारांची मर्यादा आखली पाहिजे. त्याने किती पाहावे, कोणाशी बोलावे, कोणत्या भाषेत बोलावे आणि काय करू नये, हे चार प्रश्न आधी सोडविले पाहिजेत.

पहिला नियम : दरवाजे मोजके असावेत

छत्रपती संभाजीनगर हे बावन्न दरवाजांचे शहर म्हणून ओळखले जाते. भडकल दरवाजा मलिक अंबरच्या काळातील आहे. दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा यांची नावे तेथून निघणाऱ्या वाटेची दिशा सांगतात. तटबंदीच्या शहरात प्रत्येक दरवाजाला पहारा लागतो. जितके दरवाजे अधिक, तितकी काळजी अधिक.

संगणकालाही असे दरवाजे असतात. त्यांना ‘पोर्ट’ म्हणतात आणि त्यांना १ ते ६५,५३५ असे क्रमांक दिलेले असतात. संकेतस्थळाची सुरक्षित पाने सामान्यतः ४४३ क्रमांकाच्या दरवाजातून येतात. झॅबिक्सचा एजंट सामान्यतः १०,०५० क्रमांकाच्या दरवाजावर कान देऊन बसतो, तर त्याचे मध्यवर्ती केंद्र १०,०५१ क्रमांकाच्या दरवाजावर निरोप स्वीकारते. हे क्रमांक जगजाहीर आहेत. म्हणूनच तो दरवाजा साऱ्या जगासाठी उघडा ठेवणे म्हणजे रस्त्यावरच्या कोणालाही जागल्याशी बोलू देणे होय.

यासाठी दोन अडसर घालावे लागतात. एजंटाच्या मांडणीच्या फाइलमध्ये ‘सर्व्हर’ या नावाची एक ओळ असते. कोणत्या पत्त्यावरून आलेल्या प्रश्नांना उत्तर द्यावयाचे, ते तेथे लिहावयाचे असते. तेथे केवळ आपल्या मध्यवर्ती केंद्राचाच पत्ता असावा. ‘कोणीही चालेल’ अशा अर्थाचा सैल पत्ता तेथे कधीही लिहू नये. दुसरा अडसर म्हणजे फायरवॉल, अर्थात यंत्राभोवतीचा तट. या तटावरही तोच एक पत्ता सोडून इतर सर्वांना त्या दरवाजाशी मज्जाव करावा.

याहून चांगला मार्गही उपलब्ध आहे. देखरेख दोन रीतींनी चालते. एका रीतीत केंद्र प्रश्न विचारते आणि एजंट उत्तर देतो. दुसऱ्या रीतीत एजंट स्वतः होऊन केंद्राकडे निरोप धाडतो. या दुसऱ्या रीतीत राखावयाच्या यंत्रावर एजंटासाठी एकही दरवाजा बाहेरून उघडा ठेवावा लागत नाही. जागल्याच चावडीवर जाऊन वर्दी देतो. चावडीवरच्या माणसाला शेतात शिरावे लागत नाही. जेथे शक्य असेल तेथे हीच रीत श्रेयस्कर होय.

दुसरा नियम : निरोप लाखबंद असावा

एजंटाने पाठविलेला निरोप अनेक तारांतून आणि अनेक यंत्रांतून प्रवास करतो. तो उघड्या अक्षरांत गेला, तर वाटेत कोणालाही वाचता येतो. वाचणाऱ्याला सर्व्हरचे नाव, त्यावरील प्रणालींच्या आवृत्त्या आणि त्यांतील उणिवा आयत्याच समजतात. त्याहून वाईट म्हणजे वाटेतील लबाड माणूस खोटा निरोप पाठवून ‘सर्व कुशल आहे’ असेही सांगू शकतो.

झॅबिक्समध्ये २०१६ सालच्या ३.० या आवृत्तीपासून निरोप कूटबद्ध करण्याची सोय झाली. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ही सोय आपोआप चालू होत नाही. मुद्दाम मांडणी केली नाही, तर निरोप उघडाच जातो. ज्याने एजंट बसविला आणि तो चालू लागलेला पाहून जो समाधानाने उठला, त्याचे काम अर्धेच झाले असे समजावे.

कूटबद्धतेचा सोपा प्रकार म्हणजे दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक असलेली गुप्त किल्ली. ही किल्ली शाळेच्या नावावरून किंवा साहेबांच्या जन्मसालावरून बनवू नये. संगणकाकडूनच स्वैर अंकाक्षरांची लांब मालिका तयार करून घ्यावी. ६४ अंकाक्षरांची मालिका उत्तम. ती एका स्वतंत्र फाइलमध्ये ठेवावी आणि ती फाइल वाचण्याचा अधिकार केवळ एजंटाच्या खात्याला असावा. प्रत्येक यंत्राची किल्ली वेगळी असावी, म्हणजे एक हरवली तरी बाकीची कुलुपे शाबूत राहतात. किल्लीला जे ओळखनाव द्यावे लागते, ते मात्र उघड्या रूपात प्रवास करते. म्हणून त्या नावात गुप्त मजकूर घालू नये. आणि किल्ली मोबाईलवरील गटात टाकून कधीही पाठवू नये. लाखबंद पाकीट आणि ते फोडण्याची खूण एकाच शिपायाच्या हाती देण्यासारखा तो प्रकार ठरेल.

मांडणी पुरी झाल्यावर तपासणी दोन्ही अंगांनी करावी. किल्ली वापरून केंद्राला उत्तर मिळते का, हे तर पाहावेच; परंतु किल्लीवाचून विचारले असता नकार मिळतो का, हेही पाहावे. कुलूप किल्लीने उघडते एवढ्याने कुलूप चांगले ठरत नाही. किल्लीवाचून ते उघडत नाही, ही त्याची खरी परीक्षा होय.

तिसरा नियम : मोजणाऱ्याने दारे उचलू नयेत

पैठणजवळच्या जायकवाडी धरणाला २७ दारे आहेत. १९६५ साली त्याची पायाभरणी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नाथसागराची पातळी किती, हे मोजणे एक काम आहे आणि दारे उचलून गोदावरीत पाणी सोडणे हे दुसरे. पातळीची पट्टी पाहणाऱ्या प्रत्येकाला दार उचलण्याची मुभा दिली, तर एखाद्या दिवशी नदीकाठच्या गावांना त्याचे परिणाम भोगावे लागतील.

एजंटाच्या बाबतीत हाच विवेक ठेवावा. संगणकावर ‘रूट’ नावाचे सर्वाधिकारी खाते असते. त्या खात्याखाली एजंट चालवू नये. त्यासाठी अल्प अधिकारांचे वेगळे खाते असावे. दुरून हुकूम देऊन सर्व्हरवर वाटेल ती आज्ञा चालविण्याची सोय एजंटात असते. झॅबिक्सच्या मूळ रचनेत ती बंद ठेवलेली आहे. पुष्कळदा घाईत, ‘सोयीचे पडते’ म्हणून, ती उघडली जाते. एकदा ती उघडली की मोजणारा जागल्या दारे उचलू लागतो. आणि मध्यवर्ती केंद्रात शिरलेला चोर एका ठिकाणाहून शेकडो सर्व्हरवर हुकूम सोडू शकतो. २०२० सालच्या ५.० या आवृत्तीपासून कोणत्या विचारणेला उत्तर द्यावे आणि कोणती नाकारावी, याची यादीच मांडणीच्या फाइलमध्ये लिहिता येते. ही यादी जितकी आखूड, तितकी बरी.

माहितीकोशाची प्रकृती पाहण्यासाठी एजंटाला वेगळे खाते द्यावे लागते. ते खाते केवळ आकडे वाचणारे असावे. मुलांच्या नोंदी वाचण्याचे त्याला काहीच कारण नाही. माहितीकोश चालू आहे का आणि त्याला उत्तर देण्यास किती वेळ लागतो, एवढेच त्याला कळले तरी त्याचे काम भागते.

चौथा नियम : जागल्यावरही नजर असावी

जागल्याची हाळी ऐकू आली की माणसे धावतात. परंतु जागल्या गप्प झाला तर? एजंट निरोप पाठवीनासा झाला, तर तीच एक मोठी बातमी समजावी आणि त्याबद्दल वेगळा इशारा मिळेल अशी तजवीज करावी. एजंटाच्या नव्या आवृत्त्या वेळेवर बसवाव्यात, त्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्याव्यात आणि आधी एका चाचणीच्या यंत्रावर पारखून मग सर्वत्र न्याव्यात. मांडणीत केव्हा व कोणी बदल केला, याची नोंदवही असावी.

भारतात यासंबंधी शासकीय बंधनेही आहेत. संगणकीय आपत्तींची दखल घेणारी ‘सर्ट-इन’ ही राष्ट्रीय संस्था २००४ साली कार्यरत झाली. तिने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यांत नमूद केलेल्या प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवाव्यात, यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्यात आणि घड्याळे प्रमाण वेळेशी जुळविलेली असावीत, असे त्यात सांगितले आहे. घड्याळाची अट वरवर क्षुल्लक वाटते. पण दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा मिनिटांचा फरक असला, तर चोर आधी कोणत्या दारातून आला हे उलगडत नाही. हजेरीची वेळ ज्याने कधी ताडून पाहिली आहे, त्या शिक्षकाला याचे महत्त्व सांगावयास नको.

एवढे करूनही एखादा तट पडणारच नाही, अशी खात्री देता येत नाही. देवगिरीच्या दुर्गाला अंबरकोट, महाकोट आणि कालाकोट असे एकाआड एक तट आहेत. बाहेरचा तट पडला तरी बालेकिल्ला लगेच हाती येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पाच सर्व्हरवर हल्ला झाला, त्यांतील माहिती कुलूपबंद झाली आणि रुग्णांची कामे कित्येक दिवस कागदावर हाताने चालवावी लागली. देखरेख करणारे केंद्र, माहिती साठविणारे सर्व्हर आणि कार्यालयातील रोजच्या वापराचे संगणक यांच्यामध्ये वेगवेगळे तट असावेत, ते यासाठीच.

शिक्षकाचा याच्याशी संबंध

सर्व्हरची मांडणी करणे हे प्राथमिक शिक्षकाचे काम नव्हे, हे उघड आहे. तरीही या चार नियमांशी त्याचा संबंध रोज येतो. शाळेच्या प्रणालीतील खाते हा त्या दूरच्या किल्ल्याचाच एक छोटा दरवाजा आहे. मुदतीच्या घाईत तालुक्याच्या गावातील संगणक केंद्रावर खातेनाव आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देण्याची रीत अनेक ठिकाणी पडली आहे. त्या चिठ्ठीने शंभर-दीडशे मुलांची माहिती तिऱ्हाइताच्या हाती जाते. माहिती भरण्यास मदत घ्यावी. पण पासवर्ड शिक्षकाने स्वतः टंकावा, मोबाईलवर आलेला ओटीपी दुसऱ्याला वाचून दाखवू नये, आणि काम होताच खाते बंद करून पासवर्ड बदलावा.

‘दुरून दुरुस्ती करतो, हे ॲप उतरवून घ्या’ असे सांगणारा दूरध्वनी आला, तर तो माणूस शाळेच्या संगणकावर स्वतःचा जागल्या बसवू पाहत आहे, हे ओळखावे. त्याचा अधिकार काय, त्याला कोणी नेमले आणि काम संपल्यावर ते ॲप काढले जाणार की नाही, हे विचारल्यावाचून परवानगी देऊ नये. खात्री नसेल तेथे गटसाधन केंद्रात आधी विचारावे. डिजिटल वर्गाचे साहित्य बसविणाऱ्यालाही हेच प्रश्न विचारण्याचा मुख्याध्यापकांना पूर्ण अधिकार आहे.

हे सर्व कोणासाठी? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ साली संमत झाला आणि त्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानून तिच्या माहितीला विशेष संरक्षण दिले. पासवर्ड चोरीस गेला तर तो बदलता येतो. मुलीची जन्मतारीख आणि तिच्या आईचे नाव बदलता येत नाही. एकदा बाहेर पडलेली ती माहिती त्या मुलीच्या मागे आयुष्यभर राहते, आणि तिला त्याची कल्पनाही नसते. तिच्या वतीने काळजी वाहणारी पहिली व्यक्ती म्हणजे ती नोंद भरणारा शिक्षक होय.

वर्गासाठी एक पाठ

हा विषय पाचवी ते सातवीच्या मुलांना खेळातून शिकविता येतो. एका मुलाला ‘जागल्या’ करावे. त्याने दर तासाला वर्गातील उपस्थितांची संख्या चिठ्ठीवर लिहून मुख्याध्यापकांकडे पाठवावी. पहिल्या दिवशी चिठ्ठी उघडी असावी आणि वाटेत दुसऱ्या एका मुलाला ती बदलू द्यावी. चुकीची संख्या पोहोचली की मुले हसतील आणि कारणही त्यांना समजेल. दुसऱ्या दिवशी जागल्या व मुख्याध्यापक यांनी गुपचूप एक अंक ठरवावा. जागल्याने खऱ्या संख्येत तो अंक मिळवून लिहावे आणि मुख्याध्यापकांनी तो वजा करावा. वाटेतल्या मुलाला खरी संख्या कळते का, ते पाहावे. तिसऱ्या दिवशी तोच अंक तसाच ठेवावा आणि वर्गात प्रत्यक्ष किती मुले आहेत, हे वाटेतल्या मुलाला मोजू द्यावे. वजाबाकी करून तो गुप्त अंक शोधून काढील. तेथेच किल्ली लांब का असावी, ती पुन्हा पुन्हा तीच का वापरू नये, हे मुलांना उमगेल. बेरीज-वजाबाकीचा सराव होईल तो वेगळाच.

जागल्या हवाच, परंतु त्याने एकाच मालकाशी बोलावे, लाखबंद निरोप द्यावा, फक्त मोजावे आणि त्याच्या मौनाचीही कोणीतरी दखल घ्यावी. दूरच्या सर्व्हरवर हा नियम तेथील तंत्रज्ञांनी पाळावयाचा आहे आणि शाळेच्या खात्यावर तो शिक्षकांनी पाळावयाचा आहे. पालकांनी मुलाचे नाव शाळेच्या रजिस्टरात ज्या विश्वासाने लिहू दिले, तो विश्वास दोघांनी मिळून राखावयाचा आहे.